आभाळातली मालिका आणि वाट पाहणाऱ्या बाया



इतिहास म्हटलं की राजे आठवतात, लढाया आठवतात, शाळेत पाठ केलेल्या सनावळ्या आठवतात. आज आम्ही जरा वेगळा इतिहास घेऊन आलोय. हा इतिहास आहे वाट पाहण्याचा. टीव्हीवर येणार असलेल्या एका मालिकेची लोक कशी वाट पाहत होते, त्या वाट पाहण्यामागे पन्नास वर्षांची केवढी मोठी गोष्ट होती, आणि त्या गोष्टीत बाया किती होत्या, ते आज सांगायचं आहे.

मालिका आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे. तिचं नाव 'द ऑरव्हिल'. ऑरव्हिल हे एका यानाचं नाव. आजपासून चारएकशे वर्षांनी माणसं ताऱ्याताऱ्यांमध्ये प्रवास करू लागली आहेत, आणि हे यान त्यांच्या ताफ्यातलं एक साधंसं यान आहे, अशी कल्पना. यानावर माणसं आहेत, परग्रहावरचे लोक आहेत. ते भांडतात, चुकतात, एकमेकांची थट्टा करतात. म्हणजे अंतराळातलं साहस, पण हसतखेळत.

तुम्ही म्हणाल, "ताई, आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी, आणि तुम्ही आभाळातल्या यानाचं काय घेऊन बसलात?" खरं आहे. पण संध्याकाळी मालिका लागायची वेळ झाली की घराघरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हिला काय, टीव्ही दिसला की झालं." बाईला एखादी गोष्ट मनापासून आवडली, तिनं तिची वाट पाहिली, की तो रिकामपणा ठरतो. गडीमाणूस क्रिकेटच्या सामन्याची चार दिवस आधीपासून वाट पाहतो, त्याला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

तर मे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीनं जाहीर केलं की सेथ मॅकफार्लेन यांची अंतराळावरची नवी मालिका येणार. हे मॅकफार्लेन तोवर लोकांना माहीत होते ते 'फॅमिली गाय' या चावट कार्टून मालिकेमुळे. ती १९९९ मध्ये सुरू झाली होती. पण त्यांना विज्ञानाची आणि ताऱ्यांची ओढही तेवढीच होती. विश्वाची ओळख करून देणारी 'कॉसमॉस' ही मालिका २०१४ मध्ये नव्यानं आली, तिच्या निर्मात्यांत ते होते. आणि 'स्टार ट्रेक' नावाच्या जुन्या अंतराळ मालिकेचे तर ते पक्के चाहते. तिच्याच एका पुढच्या मालिकेत त्यांनी छोटीशी भूमिकाही केली होती.

या स्टार ट्रेकचं नाव लक्षात ठेवा, कारण ऑरव्हिलची वाट पाहणारे बरेचसे लोक तिचेच चाहते होते. मूळ स्टार ट्रेक १९६६ ची. तिच्या पोटी पुढे आणखी मालिका निघाल्या. त्यातली एक मे २००५ मध्ये बंद पडली आणि मग बारा वर्षं नवी काही आलीच नाही. मधे सिनेमे आले, पण सिनेमा दोन तासांत संपतो. दर आठवड्याला घरी येणाऱ्या पाहुण्यासारखी मालिका लागते, ती नव्हती.

मे २०१७ मध्ये ऑरव्हिलची झलक दाखवली गेली. यानाचा कप्तान एड मर्सर. त्याचा घटस्फोट झालेला. आणि त्याच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी म्हणून नेमकी कोण येते? त्याचीच आधीची बायको, केली! आता दोघांना एकाच यानावर काम करायचं. झलक बघून कुणी पोट धरून हसलं. कुणी धास्तावलं, की आपल्या लाडक्या गोष्टीची ही टिंगल तर होणार नाही ना? चाहत्यांची वाट पाहणं म्हणजे नुसता आनंद नसतो, त्यात काळजीही असते. माहेरी भावाचं लग्न ठरलं की नवी वहिनी कशी असेल याची जी धाकधूक असते, तसलीच ही.

ही धाकधूक करणारे चाहते मुळात घडले कसे? त्यासाठी आपल्याला मागे जावं लागेल, आणि पहिल्यांदा एका विनोदी नटीच्या दारात थांबावं लागेल.

तिचं नाव लूसिल बॉल. १९५१ मध्ये अमेरिकेत 'आय लव्ह लूसी' नावाची मालिका सुरू झाली. लूसी ही घरातली खटपटी बायको, रोज नवा घोटाळा करून ठेवणारी. सगळा देश तिला हसत होता. पण पडद्यामागे ही बाई नवऱ्याबरोबर डेसिलू नावाची कंपनी चालवत होती. १९६० मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. १९६२ मध्ये तिनं नवऱ्याचा हिस्सा विकत घेतला आणि स्वतः कंपनीची प्रमुख झाली. एवढ्या मोठ्या टीव्ही स्टुडिओच्या गादीवर बसलेली ती पहिली बाई समजली जाते.

याच डेसिलूकडे स्टार ट्रेकची कल्पना आली. खर्च भारी होता. कंपनीतल्या जाणत्यांना ते परवडणारं वाटत नव्हतं. एनबीसी वाहिनीनं पहिला नमुना भाग नाकारला, पण दुसरा करून आणा म्हणून सांगितलं. नाकारलेल्या वस्तूवर पुन्हा पैसे घालायचे म्हणजे छाती लागते. लूसीबाईंनी ते होऊ दिलं. ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. गंभीर अंतराळ मालिकेच्या मुळाशी एक हसवणारी बाई होती, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

मालिकेला प्रेक्षक होते, पण वाहिनीला हवे तेवढे नव्हते. दुसऱ्या वर्षीच बंद करण्याची बोलणी सुरू झाल्याचं कानावर आलं. तेव्हा पुढे आल्या बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन. बीजोताईंच्या हातात ना सत्ता होती ना पैसा. होते ते पत्ते. विज्ञानकथांच्या वाचकांचे, मेळाव्यांना येणाऱ्यांचे पत्ते. त्यांनी एक पत्रक काढून पाठवलं. काम एवढंच, की वाहिनीला पत्र लिहा आणि आणखी दहा जणांना लिहायला सांगा, त्या दहांनी पुढच्या दहांना सांगायचं. छापील मजकुरावर सही नको, प्रत्येकानं आपल्या शब्दांत लिहायचं.

बचत गटातल्या बायांना हे हिशेब वेगळे समजवायला नकोत. एकीनं दहा जणींना सांगितलं आणि त्या दहा जणींनी आणखी दहा जणींना, की तिसऱ्या फेरीला हजार होतात. १९६७ च्या शेवटापासून पत्रं सुरू झाली आणि वाहिनीच्या मोजणीनुसार लाखाच्या वर गेली. १ मार्च १९६८ च्या रात्री भाग संपल्यावर वाहिनीनं टीव्हीवरूनच जाहीर केलं, की मालिका पुढच्या हंगामातही राहील. वाहिनीनं प्रेक्षकांना असं उघड उत्तर देणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण पुढचंही ऐका, म्हणजे गोष्ट गोडगोड वाटणार नाही. मालिका ठेवली, मात्र तिला वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. तरुण मंडळी त्या वेळी घराबाहेर. पैसाही कमी केला. जून १९६९ मध्ये मूळ मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. एकूण भाग झाले ७९. बायांनी दार उघडायला लावलं, पण आतली चूल कुणाच्या हातात, हे वाहिनीनंच ठरवलं. असं आपल्याकडेही होतं. ग्रामसभेत ठराव पास होतो आणि काम मात्र भलत्या वस्तीत निघतं. म्हणून ठराव झाल्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

चाहत्यांनी लक्ष ठेवलंच. मालिका गावोगावच्या छोट्या वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा दाखवली जाऊ लागली आणि नवे प्रेक्षक मिळत गेले. बाया हातानं पानं छापून, पिना मारून मासिकं काढत होत्या. असं पहिलं मासिक १९६७ मध्येच निघालं होतं, त्याच्या संपादकांत डेव्हरा लँग्सम होत्या. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचा पहिला मोठा मेळावा भरला. तो भरवणाऱ्यांतही डेव्हराताई, जोन विन्स्टन अशा बाया पुढे होत्या. काहीशे माणसं येतील म्हणून तयारी केली होती, आली तीन हजारांच्या वर. आपल्याकडे शंभर पानं वाढायला घेतली आणि पाचशेची पंगत बसली तर काय धांदल उडते, तसं झालं असेल!

१९७६ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संस्थेनं, नासानं, पुन्हा पुन्हा वापरता येणारं पहिलं यान बांधून बाहेर काढलं. त्याचं नाव आधी वेगळं ठरलं होतं. चाहत्यांनी थेट राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली आणि यानाला मालिकेतल्या यानाचं नाव मिळालं, 'एंटरप्राइज'. पुढच्याच वर्षी नासानं बायांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करा असं आवाहन केलं, तेव्हा ते लोकांपर्यंत नेण्याचं काम दिलं निशेल निकोल्स यांना. मालिकेतल्या यानावर संदेशांचं काम सांभाळणाऱ्या कृष्णवर्णीय अधिकारी बाईची भूमिका त्यांनीच केली होती. त्यानंतर निवडल्या गेलेल्या तुकडीत सहा बाया होत्या. त्यातल्या सॅली राइड १९८३ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकन बाई ठरल्या. १९९२ मध्ये डॉक्टर मे जेमिसन गेल्या, अंतराळात जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई. ही मालिका बघतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

आता विनोदाकडे वळू. अंतराळात हसणं आलं कुठून? हे सांगताना आम्हाला जरा अभिमान वाटतो, कारण या वाटेवरचं एक मोठं नाव रेडिओवर जन्मलं. ८ मार्च १९७८ च्या रात्री साडेदहाला इंग्लंडमध्ये बीबीसी रेडिओवर 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही मालिका सुरू झाली. लेखक डग्लस ॲडम्स. गाजावाजा काही नव्हता, एकानं दुसऱ्याला सांगत सांगत ऐकणारे वाढले. गोष्ट अशी, की आर्थर नावाच्या साध्या माणसाचं घर बायपास रस्त्यासाठी पाडायला सरकारी माणसं येतात. तो बुलडोझरपुढे आडवा पडतो. तेवढ्यात आकाशात परग्रहावरची यानं येतात. त्यांनाही रस्ता काढायचा असतो, अंतराळातला, आणि त्यासाठी सगळी पृथ्वीच पाडायची असते. वर म्हणतात, तक्रार कसली करता, नोटीस तर पन्नास वर्षं लावून ठेवली होती. कुठे? दुसऱ्या ताऱ्यावरच्या कचेरीत!

ज्यांच्या शेतातून रस्ता गेला आहे, त्यांना यातलं हसू आणि दुखणं दोन्ही लगेच कळेल. तमाशातला सोंगाड्या राजाला तोंडावर वेडावतो आणि राजाला हसावंच लागतं. सरळ बोललं असतं तर मान गेली असती. विनोदाला ही मुभा असते. रेडिओवरची ही गोष्ट पुढे पुस्तकात आली, १९८१ मध्ये टीव्हीवर आली. १९८८ मध्ये इंग्लंडमध्येच 'रेड ड्वार्फ' ही विनोदी अंतराळ मालिका निघाली. १९९९ मध्ये अमेरिकेत 'गॅलेक्सी क्वेस्ट' हा सिनेमा आला. त्यात बंद पडलेल्या अंतराळ मालिकेतल्या नटांना खऱ्याखुऱ्या संकटात त्यांचे चाहतेच वाचवतात.

म्हणजे ऑरव्हिल आली तेव्हा दोन पायवाटा एकत्र मिळत होत्या. एक पत्रं लिहिणाऱ्या चाहत्यांची, दुसरी हसवणाऱ्यांची. १० सप्टेंबर २०१७, रविवारी पहिला भाग लागला. दोनच आठवड्यांनी नवी स्टार ट्रेक मालिकाही सुरू झाली. पण तिचा पहिला भाग सोडला तर पुढचं पाहायला तिकडे वेगळे पैसे मोजावे लागणार होते. ऑरव्हिल साध्या अँटेनावर दिसत होती.

वर्तमानपत्रातल्या बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. धड विनोदी नाही, धड गंभीर नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रेक्षकांनी मात्र तिला उचलून धरलं. तिसऱ्या भागात काय घडलं ते ऐका, म्हणजे का ते कळेल.

यानावर बॉर्टस नावाचा अधिकारी आहे. त्याच्या जमातीत म्हणे सगळे पुरुषच असतात. मूल अंड्यातून येतं. त्याच्या आणि त्याचा जोडीदार क्लायडन याच्या घरी मूल होतं, आणि ते मूल मुलगी निघते. जमातीची रीत अशी, की मुलगी जन्मली तर लगेच शस्त्रक्रिया करून तिला मुलगा करून टाकायचं. सुरुवातीला बॉर्टसलाही त्यात काही वावगं वाटत नाही. डॉक्टर क्लेअर फिन साफ नकार देतात. सगळे त्याला समजावून थकतात. शेवटी यानावरचे दोन मित्र त्याला एक जुना मुलांचा चित्रपट दाखवतात. त्यात लाल नाकाच्या हरणाला सगळे हसतात, आणि पुढे तेच नाक सगळ्यांना अंधारात वाट दाखवतं. एवढं बघून बॉर्टसचं मन फिरतं. मोठमोठे युक्तिवाद हरले आणि पोरांच्या चित्रपटानं काम केलं.

प्रकरण जमातीच्या न्यायासनापुढे जातं. तिथे उघड होतं, की क्लायडन स्वतःही मुलगी म्हणूनच जन्मला होता. आणि या जमातीचा सगळ्यात थोर लेखक म्हणून ज्याला पूजलं जातं, तो पुरुष नसून डोंगरात लपून राहणारी एक बाई आहे. ती पुढे येऊन साक्ष देते. आता तर निकाल मुलीच्या बाजूनं लागणार, असंच वाटतं. पण लागत नाही. जमात ऐकत नाही. मुलीवर शस्त्रक्रिया होते आणि ती टोपा नावाचा मुलगा होते.

विनोदी मालिका म्हणून बसलेले लोक सुन्न झाले. आम्हाला तर आपल्याकडच्या 'नकोशी' आठवल्या. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात नकोशी नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली, ते तुम्हाला आठवत असेल. ऑरव्हिलमधली जमात कल्पनेतली आहे, पण पोरीच्या जन्माला चूक समजणारं घर काही कल्पनेतलं नाही.

तेव्हापासून चाहत्यांची वाट पाहणं बदललं. आधी ते नव्या मालिकेची वाट पाहत होते, आता त्या लेकराच्या न्यायाची. दुसरा हंगाम डिसेंबर २०१८ च्या अखेरीस सुरू झाला. त्यात या जमातीतल्या लपून राहणाऱ्या बायांची आख्खी वसाहत दिसली. मग मालिका फॉक्सवरून हुलू या दुसऱ्या सेवेकडे गेली. त्यात कोरोना आला, चित्रीकरण थांबलं. तिसरा हंगाम यायला जून २०२२ उजाडलं. वाढत्या वयाच्या टोपाला सारखं वाटतं की आपल्यात काहीतरी हरवलंय. आपल्या जन्माची हकीकत तिला कळते, आणि ती स्वतःच्या तोंडानं सांगते, की मला मी जशी जन्मले तशी व्हायचं आहे. बॉर्टस तिच्या पाठीशी उभा राहतो. क्लायडन रागानं घर सोडतो. पुढे तोही परत येतो आणि लेकीची माफी मागतो.

तिसऱ्या भागात हरलेली गोष्ट जवळजवळ पाच वर्षांनी जिंकली. मधल्या काळात वाहिनी बदलली, साथ आली, पण प्रेक्षकांनी त्या लेकराला विसरू दिलं नाही. ४ ऑगस्ट २०२२ रोजी तिसरा हंगाम संपला आणि चाहते चौथ्याची वाट पाहू लागले. त्यांना त्याची सवय आहे.

तर मैत्रिणींनो, एकटी बाई वाट पाहते तेव्हा तिला रिकामी म्हणणं सोपं असतं. दहा जणी मिळून वाट पाहतात, एकमेकींना पत्ते देतात, आपल्या शब्दांत पत्रं लिहितात, तेव्हा वाहिनीला उत्तर द्यावं लागतं आणि यानाचं नाव बदलतं. सगळंच मनासारखं होत नाही. शुक्रवारची रात्र दहाची वेळ माथी मारली जातेच. पण त्यानंतरही ज्या जणी टिकल्या, त्यांनी मालिका जिवंत ठेवली.

पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की जरा वेळ काढा. तुम्ही बघता त्या मालिकेत मुलीशी, सुनेशी, एकट्या बाईशी कसं वागतात, यावर बोला. कुठे खटकलं, कुठे आवडलं, ते एका कागदावर लिहा. प्रत्येकीनं आपापल्या शब्दांत. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं आणि शेजारणीनं लिहावं. मग तो कागद वाहिनीच्या पत्त्यावर पाठवा. आणि एक प्रत आमच्याकडेही द्या, पुढच्या भागात आम्ही ती वाचून दाखवू.